बारा चौतीस

रात्रीचा दीड वाजलाय. पीआयसीयूच्या, म्हणजे मुलांच्या अतिदक्षता विभागाच्या, बाहेर लोखंडी खुर्च्यांवर आणि खाली चादरी टाकून आम्ही आठ-दहा जण आहोत. निम्मे घोरतायत. हासुद्धा. चप्पल पिशवीत घालून पिशवी उशाला. सकाळपासून पहिल्यांदा पाठ टेकलीय त्याने, घोरू दे.

ऑपरेशनचं मला लिहायचं नाहीये. ते झालं. मनू, माझी पोर, आत आहे, श्वासाची नळी संध्याकाळीच काढली, मॉनिटरवरचे आकडे सिस्टरच्या म्हणण्याप्रमाणे 'मस्त' आहेत. मला लिहायचंय ते वडापावचं.

आज संकष्टी. लग्न होऊन वाईत आले तेव्हापासून धरते. श्रद्धेने कमी, सासूबाई धरतात म्हणून जास्त. ऑपरेशनची तारीख कळली तेव्हा त्या फोनवर म्हणाल्या, "बघ, संकष्टीच आलीय. त्यानेच दिलीय तारीख." तारीख खरं तर ऑपरेशन थिएटरच्या यादीत कुणाचं तरी पुढे ढकललं गेलं म्हणून मिळाली, पण मीही "हो ना आई" म्हटलं. आणि मनातल्या मनात ढोल्या गणपतीला सांगून टाकलं, आज निर्जळी. चंद्रोदयापर्यंत पाणीसुद्धा नाही. कुणाला बोलले नाही. ह्यालाही नाही.

आणि दुपारी बारा चौतीसला मी गेटबाहेरच्या गाड्यावर वडापाव खाल्ला.

वेळ एवढी नेमकी माहीत आहे कारण ह्याच्या फोनचं चार्जिंग संपलं होतं आणि पैसे मी दिले. मेसेज आहे. 60 रुपये, 12:34. वीसला एक, म्हणजे तीन. ह्याने एक खाल्ला.

सकाळचं आठवतंय ते तुकड्यातुकड्याने. पावणेपाचला उठवून मनूला दोन घोट पाणी दिलं, सिस्टरने सांगितलं आता हे शेवटचं. रात्री जेवण बंद केलेलंच होतं. ती म्हणाली, "आज माझापण उपास?" मी म्हटलं, "हो, आज आपल्या दोघींचा." तिला एवढा आनंद झाला. घरी तिला कधी धरू देत नाही ना आम्ही, लहान आहेस म्हणतो. "मग चंद्र बघून सोडायचा?" "चंद्र बघून." असं बोलणं झालंय आमचं. हे मी विसरले असते तरी चाललं असतं, पण नाही विसरले.

मग केस. मला वाटलं होतं सगळं डोकं भादरतील, म्हणून आदल्या रात्री मी तिला तशी तयार केली होती, टोपीबिपी दाखवून. केरळी सिस्टर आली आणि म्हणाली, फक्त मागचे. मानेपासून वर एक पट्टा. तेवढाच काढला, आणि पुढचे केस दोन भागांत घेऊन अशा काही घट्ट वेण्या घातल्या की मला सात वर्षांत जमल्या नाहीत. मनूने हात लावून बघितल्या. म्हणाली, "आई, तू शिकून घे." कापलेले केस मी रुमालात बांधून घेतले. कशाला घेतले माहीत नाही. पर्समध्ये आहेत.

सव्वासातला नेलं. लिफ्टपर्यंत आम्ही दोघं, पुढे ती आणि वॉर्डबॉय. पुंगळीतून काहीतरी दिल्याने ती आधीच पेंगत होती. "तूपण येणार ना आत?" "येणार." लिफ्टचं दार लागलं.

ते राहू दे.

मग वेटिंग हॉल. टीव्हीवर मुलांचे नंबर आणि पुढे 'इन सर्जरी'. आमचा नंबर चौथा. साडेनऊला फोन आला की भूल देऊन पालथं झोपवलंय, डोकं पकडीत बसवलंय, आता सुरू करतोय. नकाशा मला पाठ आहे. दरवर्षी नववीला शिकवते: प्रमस्तिष्क, अनुमस्तिष्क, मस्तिष्कपुच्छ. 'अनुमस्तिष्क म्हणजे लहान मेंदू. कार्य: शरीराचा तोल सांभाळणे.' दोन गुणांचा प्रश्न असतो. आणि माझीच पोर तीन महिने भिंत धरून चालत होती, जिन्यात धडपडत होती, आणि मी तिला धांदरट म्हणत होते. सकाळी उठल्याउठल्या उलटी, मग एकदम ठणठणीत. पित्त, असं सगळ्यांचं एकमत. मोरावळा, आलेपाक, कोकम. मग शाळा बुडवायची नाटकं. डोळ्यांच्या डॉक्टरांनी चष्म्याच्या नंबरासाठी म्हणून आत डोकावून बघितलं, नस सुजलीय म्हणाले, आणि त्याच दिवशी एमआरआय. रात्रभर आडवं झोपलं की डोक्यातला दाब वाढतो, गाठीने पाण्याची वाट अडवलेली, म्हणून उलटी सकाळची. इतकं सरळ. मशीनमध्ये जाताना मनूला सांगितलं होतं, खंबाटकीच्या बोगद्यासारखं आहे, त्या बाजूने बाहेर आलं की पुणं. ती म्हणाली, "आपण पुण्यातच आहोत ना पण?"

एकदा तर मी तिला त्या उलटीवरून... नको. ते आज नाही.

वडापाव. शेजारी एक आजोबा होते, लातूरकडचे, नातू आत. सकाळपासून शांतपणे भुईमुगाच्या शेंगा फोडत होते, टरफलं टोपीत जमा करत होते. मला राग येत होता त्यांचा. अशा दिवशी माणसाला तोंड हलवावंसं कसं वाटतं? अकरापर्यंत हे माझं मत होतं, आणि ठाम होतं.

बाराच्या पुढे ह्याने उठवलं. "चल, पाय मोकळे करू. चहा तरी घे, उपासाला चालतो." बाहेर आलो. ऊन होतं. गाड्यावर कढईत घाणा नुकताच सोडलेला. आलं-लसणाचा वास, बेसनाचा चुरा वर तरंगतोय, झाऱ्याने तो माणूस वडे उलटे करतोय, एकेक, घाई नाही. मी बघत राहिले. किती दिवसांनी कुणाला तरी आपलं काम निवांत करताना बघत होते. हा म्हणाला, "घेऊ एक मला?" मी मान हलवली. गाड्यावाल्याने कागदावर दोन ठेवले, माणशी एक असा हिशेब असणार. मी तो उचलला, चावा घेतला, जीभ पोळली. तळलेली मिरची मिठात घोळवलेली होती, ती खाल्ली. आणि मग माझ्याच तोंडून आलं, "दादा, एक अजून द्या. लाल चटणी जरा जास्त घाला."

एक वेळ खाल्लं हे ठीक आहे. भान नव्हतं, भूक होती, काहीही म्हणता येईल. पण चटणी मी मागितली. भान नसलेलं माणूस चटणी मागत नाही. चव चांगली लागल्याशिवाय कुणी चटणी मागत नाही. मला चांगला लागला तो. मला आज दुपारी बारा चौतीसला, माझी मुलगी पालथी पडलेली असताना, वडापाव चांगला लागला.

ह्याने काहीच म्हटलं नाही. संकष्टी त्यालाही माहीत आहे. फक्त पाण्याची बाटली पुढे केली. ते पाणीही प्यायले.

संध्याकाळी पाचच्या सुमारास सर्जन बाहेर आले. डोक्यावर टोपीचा वळ, डोळे लाल. गाठ जवळजवळ पूर्ण निघाली. फ्रोझनमध्ये, म्हणजे ऑपरेशन चालू असतानाच केलेल्या झटपट तपासणीत, साधी दिसतेय, पहिल्या ग्रेडची, सावकाश वाढणारी, मुलांमध्ये दिसते तीच. पक्का रिपोर्ट आठवड्याने. दोन दिवसांत पुन्हा एमआरआय, काही राहिलंय का बघायला. मग जाता जाता म्हणाले, मध्ये साडेबाराच्या सुमारास एका शिरेतून जरा रक्त गेलं, आटोक्यात आलं लगेच, एक पिशवी द्यावी लागली.

हा रिपोर्टचं विचारत होता. मी विचारलं, "साडेबारा म्हणजे नक्की किती वाजता?"

त्यांनी माझ्याकडे बघितलं. सात-आठ तास उभा राहिलेला माणूस. "का?" म्हणाले. मी म्हटलं, "सहज."

आता हे मी कुणाला सांगू? सातारा जिल्ह्यात राहते. शाळेत विज्ञान शिकवते. दाभोलकरांवरचं भाषण मुलांकडून पाठ करून घेतलंय, वक्तृत्व स्पर्धेला नेलंय, दुसरा नंबर आणलाय. मांजर आडवं गेलं म्हणून थांबलेल्या बाईंना स्टाफरूममध्ये हसलेय मी. आणि आज कागदावर मांडतेय की शीर आधी की चटणी आधी. साडेबाराला रक्त सुरू झालं असेल तर मी तेव्हा रांगेत होते, तोंडात काही नव्हतं. पैसे मी शेवटी दिले, खाऊन झाल्यावर. म्हणजे पहिला घास बारा पंचवीसचा. म्हणजे आधी घास, मग रक्त. पण 'सुमारास' म्हणजे बारा वीसही असू शकतं. भूल देणाऱ्या डॉक्टरांच्या कागदावर मिनिटामिनिटाची नोंद असते म्हणे. मागू का उद्या? काय कारण सांगून मागू?

आणि समजा ढोल्या गणपतीने बघितलंच, तर तो साताऱ्यापासून सांगलीपर्यंत सगळ्यांच्या संकष्ट्या सोडून माझ्या एका चटणीसाठी पोरीची शीर फोडेल? इतका कोता आहे का तो? एवढा मोठा दगडाचा, कृष्णेचा पूर पायाशी येतो तरी ढिम्म बसलेला. त्याच्याविषयी असा विचार करणं हाच त्याचा जास्त अपमान आहे. हे लिहिल्यावर पाच मिनिटं बरं वाटलं. नंतर परत बारा चौतीस.

साडेसहाला आत सोडलं, एकेकाला. मी आधी. डोक्याला पांढरं बँडेज, पुढे त्या दोन वेण्या तशाच, जराही न विस्कटलेल्या. चेहरा पालथं झोपून सुजलेला, गालावर गादीचा ठसा. डोळे मिटलेलेच होते. मी कानाशी "मनू" म्हटलं. ती म्हणाली, "आई, पाणी."

दोन शब्द. देता आलं नाही मला. गिळता येतंय का ते तपासल्याशिवाय द्यायचं नाही. सिस्टरने ओला बोळा ओठांवरून फिरवला, मनूने तो चोखायचा प्रयत्न केला. तिचा उपास चालूच होता. माझा सुटून सहा तास झाले होते.

त्या दोन शब्दांचंही सुख धड घेऊ देत नाहीत. ऑपरेशनआधी सह्या घेताना सांगितलंय, या जागेच्या ऑपरेशननंतर काही मुलं आधी बोलतात आणि एक-दोन दिवसांनी गप्प होतात. बोलणं परत येतं बहुतेकांचं, पण आठवडे लागतात, महिनेही. म्हणून मी ते दोन शब्द जपून ठेवलेत. फोनमध्ये रेकॉर्ड करायला हवे होते. मोबाइल आत नेऊ देत नाहीत.

रात्री नऊ एकवीसला चंद्रोदय होता. थोड्या वेळाने सासूबाईंचा फोन. "दिसला का गं तिकडे?" आम्ही पार्किंगमध्ये उभे होतो, समोरच्या बिल्डिंगच्या टाकीआडून नुकता वर आलेला. "दिसला आई." "मग सोड आता. पोरीसाठी काढलास गं दिवस, निभावलंस." मी "हो" म्हटलं. हा शेजारी उभा राहून चंद्राकडे बघत होता, फारच मन लावून. फोन ठेवल्यावर म्हणाला, "मी नाही सांगणार." आणि मला हसू आलं, इतकं की सिक्युरिटीवाल्याने वळून बघितलं. मग ह्याला रडू आलं. सकाळपासून अडवून धरलेलं. मी त्याच्या पाठीवर हात फिरवत होते आणि डोक्यात, खरं सांगते, हाताला अजून लसणाचा वास येतोय का, हे.

वहिनीने डबा पाठवलाय, साबुदाण्याची खिचडी. उपास सोडायला भात-वरण आणि हे वर का, तर म्हणे दिवसभर काही खाल्लं नसशील. भात-वरण दहाला खाल्लं. मघाशी एकला परत भूक लागली तेव्हा खिचडी काढली. गार, गोळा झालेली, दाण्याचं कूट भरपूर. सगळी संपवली. एकादशी दुप्पट खाशी म्हणतात ते मी संकष्टीला करून दाखवलं. मोडलेला उपासही झाला आणि उपासाचंही झालं. आता त्या आजोबांच्या शेंगा तेवढ्या राहिल्या. त्यांनी खरंच दिल्या होत्या संध्याकाळी, मूठभर. घेतल्या मी. पर्समध्ये आहेत, केसांच्या रुमालाशेजारी.

मध्येच उठावं लागलं. दार उघडून सिस्टरने हाक मारली, "मनूची मम्मी?" अंगातलं सगळं खाली गेलं. वाइप्स संपलेत म्हणाली. मग म्हणाली, "चमच्याने पाणी दिलं. नीट गिळती है. अजून मागत होती."

"मागत होती म्हणजे बोलली?"

"बोलली काय, भांडली. दोन चमचे म्हणजे काय, बोलती है."

खाली जाऊन आले. मेडिकल रात्रभर उघडं असतं. गेटबाहेरचा गाडा निळ्या ताडपत्रीत करकचून बांधलेला, खाली एक कुत्रं झोपलेलं. तेलाचा वास तेवढा होता. वाइप्सचे पैसे फोनवरून दिले, मेसेज आला. वेळ बघायची नाही असं ठरवून फोन लगेच पर्समध्ये टाकला. 2:16.