दिवाळी अंकांची सूची: पीडीओवरून डॉक्ट्रिनवर

मंडळी, सूचीचं घोडं बरंच पुढे सरकलंय. साध्या पीडीओवर, म्हणजे पीएचपीतून हाताने एसक्यूएल (डेटाबेसशी बोलायची भाषा) लिहून चाललेला सगळा कारभार आता डॉक्ट्रिन या ओआरएमवर (टेबलातल्या ओळी पीएचपीची ऑब्जेक्ट म्हणून हाताळू देणारं साधन) आला आहे. या ग्रुपवर ज्यांनी माझ्या प्रश्नांना धीराने उत्तरं दिली त्यांना हिशोब द्यायला हवा, आणि ‘ओआरएमच्या भानगडीत पडावं की नाही’ असा विचार करणाऱ्यांनाही यातून काही मिळेल. आधीच सांगून टाकतो: एसक्यूएल लिहिणं कमी झालं, पण वाचणं दुप्पट झालं. आणि माझ्या मते शिकण्यातला खरा भाग तोच आहे.

नव्याने आलेल्यांसाठी थोडक्यात. घरात दोन पिढ्यांनी जमवलेले दिवाळी अंक आहेत. का. र. मित्रांनी 1909 साली ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला, तिथपासूनची ही परंपरा. माझ्याकडचा साठा अर्थातच इतका जुना नाही. पण कुठल्या लेखकाने कुठल्या वर्षी, कुठल्या अंकात काय लिहिलं, हे एका झटक्यात सापडावं एवढीच हौस आहे. पीएचपी 8.3, डेटाबेस एसक्यूलाइट, सगळं घरच्या लॅपटॉपवर.

इलोक्वेंट का नाही, हे बऱ्याच जणांनी विचारलं. लॅरावेल या पीएचपी फ्रेमवर्कबरोबर येणारं इलोक्वेंट हे ओआरएम ॲक्टिव्ह रेकॉर्ड पद्धतीचं आहे. मॉडेल त्याच्या पायाभूत क्लासमधून निघतं आणि स्वतःला स्वतःच सेव्ह करतं. डॉक्ट्रिनमध्ये एंटिटी हा साधा पीएचपी क्लास असतो. त्याला डेटाबेसची खबरच नसते, सगळा व्यवहार एंटिटी मॅनेजर बघतो. गंमत म्हणजे डॉक्ट्रिनची पहिली आवृत्तीसुद्धा ॲक्टिव्ह रेकॉर्डच होती. 2010 च्या डिसेंबरात आलेल्या दुसऱ्या आवृत्तीने जावातल्या हायबरनेट या ओआरएमची वाट धरली. पटकन वेबसाइट उभी करायची असेल तर मी आजही इलोक्वेंटच सुचवेन. माझ्याकडे घाई नव्हती, आणि आत काय चालतं ते बघायची खाज होती.

सगळ्यात जास्त चर्चा झाली ती ‘लेखक’ या टेबलावर. राम गणेश गडकऱ्यांनी नाटकं स्वतःच्या नावाने लिहिली, कविता ‘गोविंदाग्रज’ म्हणून आणि विनोदी लेख ‘बाळकराम’ म्हणून. चिं. त्र्यं. खानोलकर कवितेत ‘आरती प्रभू’ होतात. मग सूचीत काय नोंदवायचं, माणूस की नाव? ग्रुपमधल्या ग्रंथालयात काम करणाऱ्या एका ताईंनी हा गुंता सोडवला: अंकात जे छापलंय ते ‘छापील नाव’ ही वेगळी एंटिटी, आणि त्यामागची ‘व्यक्ती’ ही दुसरी. छापील नावाला व्यक्ती असेल किंवा नसेल, कारण कित्येक टोपणनावांमागे कोण आहे ते माहीतच नसतं. म्हणून त्या नात्यात नल (रिकामी किंमत) चालतो.

तिथेच दुसरा धडा मिळाला. मजकूर आणि छापील नाव यांच्यात मेनी-टू-मेनी (अनेकांचं अनेकांशी) नातं आहे, कारण एका कथेला लेखक असतो, अनुवादक असतो, आतलं चित्र काढणाराही असतो. पण डॉक्ट्रिनच्या मेनी-टू-मेनीच्या जोडटेबलात दोन फॉरेन की (दुसऱ्या टेबलातल्या ओळीचा आयडी ठेवणारे कॉलम) सोडून तुमचा स्वतःचा कॉलम बसत नाही. ‘भूमिका’ हा कॉलम हवा म्हटल्यावर त्या टेबलाला स्वतंत्र एंटिटीचा मान द्यावा लागला. तिचं नाव ठेवलं ‘सहभाग’. आता मजकुराकडून सहभागाकडे वन-टू-मेनी, आणि सहभागाकडून छापील नावाकडे मेनी-टू-वन. मॅपिंग दोन ओळींनी वाढलं, डोक्याचा ताप गेला.

(जाता जाता: पीएचपीत क्लासचं नाव देवनागरीतही चालतं. मी हौसेने तसं करून पाहिलं आणि मग रोमनवर परत आलो. मदत करणाऱ्यांना कोड टाइप करून बघायचा असतो, त्यांचे हाल नकोत.)

मालक बाजू कोणती

डॉक्ट्रिन शिकणारा प्रत्येक जण या दारातून जातोच. अंकाकडे मजकुरांचा संग्रह आहे. त्यात नवा मजकूर घातला, पर्सिस्ट केला, फ्लश केला. मजकुराच्या टेबलात ओळ आली, पण तिचा अंक-आयडी रिकामा. एरर नाही, इशारा नाही.

यावर मिळालेलं उत्तर असं होतं: ‘फॉरेन कीचा कॉलम ज्या टेबलात आहे, ती मालक बाजू. डॉक्ट्रिन फक्त तिच्याकडेच बघतं.’ म्हणजे मजकुरावरचं ‘अंक’ हे प्रॉपर्टी भरलं तरच नातं डेटाबेसात उतरतं. अंकाकडचा संग्रह ही उलटी बाजू, ती वाचायच्या सोयीसाठी. मॅपिंगमध्ये ‘मॅप्डबाय’ लिहितो ती उलटी आणि ‘इन्व्हर्स्डबाय’ लिहितो ती मालक, हे पाठ करण्यापेक्षा फॉरेन की कुठे आहे ते बघणं सोपं पडतं. आता अंकावर ‘मजकूर जोडा’ अशी मेथड आहे, ती दोन्ही बाजू एकदम भरते. संग्रहाला थेट हात लावायची कोणालाच मुभा नाही, मलासुद्धा.

पर्सिस्ट आणि फ्लश यांचं किराणा दुकानातल्या उधारीसारखं आहे. पर्सिस्ट म्हणजे वहीत मांडणं, फ्लश म्हणजे महिनाअखेरीला एकदम चुकता करणं. पण आधीच डेटाबेसातून आणलेल्या एंटिटीला पर्सिस्ट करायची गरजच नसते. डॉक्ट्रिन तिची मूळ प्रत जपून ठेवतं, फ्लशच्या वेळी दोन्ही ताडून बघतं आणि जेवढे कॉलम बदलले तेवढ्यांचाच अपडेट मारतं. सगळं एका ट्रान्झॅक्शनमध्ये.

क्वेरी लॉग

मी काहीही विचारलं की कोणी ना कोणी हमखास उलटं विचारायचं: ‘एसक्यूएल काय जातंय?’ सुरुवातीला हे टाळाटाळीचं उत्तर वाटायचं. मग डीबीएएलचं (डॉक्ट्रिनचा डेटाबेसशी बोलणारा थर) लॉगिंग मिडलवेअर जोडलं, त्याला मोनोलॉग ही लॉग लिहिणारी लायब्ररी दिली आणि शेजारच्या टर्मिनलवर लॉग वाहता ठेवला. त्यानंतर माझे निम्मे प्रश्न विचारायच्या आधीच सुटायला लागले.

अंकांच्या यादीचं पान घ्या. पन्नास अंक, प्रत्येकासमोर मासिकाचं नाव. एन प्लस वनची (यादीची एक क्वेरी आणि मग प्रत्येक ओळीमागे एकेक) भीती ऐकून होतो, म्हणून एक्कावन्न क्वेरी जातील असं धरून बसलो होतो. लॉगमध्ये दिसल्या फक्त नऊ. कारण पन्नास अंक मिळून मासिकं आठच होती. अंकाकडे मासिक मागितलं की आधी हातात येतो तो प्रॉक्सी, म्हणजे खऱ्या मासिकाच्या जागी उभा केलेला बदली ऑब्जेक्ट. त्याला आयडी विचारला तर तो तसाच सांगतो, कारण फॉरेन की अंकाच्या ओळीतच आहे. नाव विचारलं की मग डेटाबेसकडे धावतो. पण एकदा आयडी 3 चं मासिक आलं की ते आयडेंटिटी मॅपमध्ये (आणलेल्या एंटिटींची डॉक्ट्रिनकडची नोंदवही) बसतं, आणि पुढच्या प्रत्येक अंकाला तेच ऑब्जेक्ट मिळतं. त्याची दुसरी प्रत बनत नाही. हे वाचलं दहादा होतं, पण लॉगमध्ये ‘मासिक व्हेअर आयडी = 3’ ही ओळ एकदाच उमटलेली बघितल्यावर डोक्यात शिरलं.

त्याच पानावर प्रत्येक अंकातल्या मजकुरांची संख्या दाखवायला घेतली आणि लॉग धो धो वाहायला लागला. इथे आयडेंटिटी मॅपचा काही उपयोग नाही, प्रत्येक अंकाचा संग्रह वेगळा. पन्नास अंक, पन्नास जादा क्वेरी, आणि नुसती संख्या हवी असताना सगळे मजकूर मेमरीत. संग्रहाला ‘एक्स्ट्रा लेझी’ केलं तर काउंटसाठी साधी काउंट क्वेरी जाते, मेमरी वाचते, पण क्वेरी पन्नासच राहतात. शेवटी डीक्यूएलमध्ये (डॉक्ट्रिनची स्वतःची क्वेरी भाषा) ग्रुप बाय लावून एकाच क्वेरीत संख्या आणली.

मग फेच जॉइनचं वेड लागलं, जे दिसेल ते एका क्वेरीत ओढायचं. त्याचेही तीन काटे आहेत, आणि तिन्ही मला कोणीतरी दाखवून दिले.

पहिला असा की एकाच वेळी दोन संग्रह जॉइन केले तर गुणाकार होतो. एका अंकात 30 मजकूर आणि 25 जाहिराती असतील तर डेटाबेसातून 750 ओळी येतात आणि डॉक्ट्रिन त्या गाळत बसतं. त्यापेक्षा दोन वेगळ्या क्वेरी स्वस्त.

दुसरा, पानं पाडताना. फेच जॉइनवर वीसची मर्यादा घातली तर ती वीस अंकांना लागत नाही, एसक्यूएलच्या वीस ओळींना लागते. माझ्या पानावर एकच अंक आला, तोही अर्धाच. यासाठी डॉक्ट्रिनचा पॅजिनेटर आहे. तो आधी एकूण मोजतो, मग त्या पानावरच्या अंकांचे वेगळे आयडी काढतो, आणि तिसऱ्या क्वेरीत तेवढेच अंक पूर्ण आणतो.

तिसरा काटा सगळ्यात छुपा. ‘फक्त कविता’ अशी अट घालून संग्रह फेच जॉइन केला, तर अंकाच्या ऑब्जेक्टमध्ये फक्त कविताच भरतात. डॉक्ट्रिन तो संग्रह पूर्ण भरला असंच समजतं. त्याच रिक्वेस्टमध्ये पुढे कुठेही त्या अंकाचे मजकूर मागितले तरी कविताच मिळणार. अशी अट हवी असेल तर मी आता मजकूर एंटिटीवरूनच क्वेरी सुरू करतो आणि अंकाला नुसता जॉइन करतो.

मोठी आयात आणि ‘कऱ्हाडे’

स्प्रेडशीटमधल्या जुन्या नोंदी आत घेताना मेमरी फुगत जायची. दर शंभर ओळींनी फ्लश आणि क्लिअर करावं, हे सगळेच सांगतात. क्लिअर केलं की मात्र एंटिटी मॅनेजर सगळं विसरतो. लूपच्या बाहेर धरून ठेवलेलं मासिकाचं ऑब्जेक्ट त्याला परकं होतं, आणि पुढच्या फ्लशला ‘नात्यातून नवीच एंटिटी सापडली, कॅस्केड पर्सिस्ट लावलेलं नाही’ अशा अर्थाची एरर येते. इथे कॅस्केड (नात्यातल्या एंटिटीही आपोआप पर्सिस्ट करणं) लावायचा मोह होतो, पण तसं केलं तर तेच मासिक नव्याने घुसवायचा प्रयत्न होतो. पुण्यातल्या एका दादांनी सुचवलेला उपाय साधा होता: ऑब्जेक्ट धरू नका, आयडी धरा, आणि दर वेळी गेट-रेफरन्सने प्रॉक्सी घ्या. त्याला क्वेरी लागत नाही.

एसक्यूलाइटवाल्यांसाठी एक सूचना: फॉरेन कीची तपासणी तिथे मुळात बंद असते, दर कनेक्शनला चालू करावी लागते. डीबीएएलमध्ये त्यासाठी तयार मिडलवेअर आहे, ते आधी लावा.

आता खास मराठी दुखणं. ‘कऱ्हाडे’ हे आडनाव सूचीत दोनदा दिसायला लागलं. स्क्रीनवर दोन्ही हुबेहूब सारखी, युनिक इंडेक्स (तीच किंमत दोनदा येऊ न देणारा) असूनही दोन्ही आत. एसक्यूलाइट डीफॉल्टला बाइट ताडून बघतो, आणि हा अर्धा र दोन प्रकारे टाइप होतो: एकात ‘ऱ’ आणि हलन्त, दुसऱ्यात साधा ‘र’, हलन्त आणि त्यामागे न दिसणारा झिरो विड्थ जॉइनर. पीएचपीच्या इंटल एक्स्टेन्शनमधला नॉर्मलायझर ‘र’ आणि नुक्ता यांचा ‘ऱ’ करतो, पण जॉइनरला हात लावत नाही. म्हणून छापील नावाच्या कन्स्ट्रक्टरमध्ये आधी जॉइनरवाला प्रकार बदलतो, मग नॉर्मलाइझ करतो. इथे ओआरएमचा एक बारकावा आड आला: डेटाबेसातून एंटिटी उभी करताना डॉक्ट्रिन कन्स्ट्रक्टर चालवत नाही, किमती थेट प्रॉपर्टीत भरतं. त्यामुळे जुन्या ओळी नुसत्या लोड करून पुन्हा सेव्ह केल्या तर काहीच बदलत नाही. त्या साध्या एसक्यूएलच्या अपडेटने सुधारल्या.

जुन्या उत्तरांपासून सावध राहा. फेब्रुवारी 2024 मध्ये ओआरएम 3 आलं आणि बरीच साफसफाई झाली. कॉमेंटमधली ॲनोटेशन गेली, आता पीएचपी 8 मधली ॲट्रिब्यूट वापरायची. एंटिटी मॅनेजरची क्रिएट मेथड गेली, मर्ज गेलं, एकाच एंटिटीला फ्लश करायची सोयही गेली. शोधून मिळणारी निम्मी उदाहरणं दुसऱ्या आवृत्तीची असतात. प्रश्न विचारताना आवृत्ती, मॅपिंग आणि लॉगमधलं एसक्यूएल एवढं दिलं की उत्तर पटकन येतं, हा अनुभव आहे. प्रॉक्सीच्या बाबतीतही वारं बदलतंय. पीएचपी 8.4 मध्ये लेझी ऑब्जेक्ट भाषेतच आले, पण मी अजून तिकडे गेलेलो नाही.

सध्या अडकलोय ते मजकुराच्या प्रकारांवर. कथा, कविता, व्यंगचित्र, राशिभविष्य, शब्दकोडं. एक मत असं की इनहेरिटन्स मॅपिंग करावं, म्हणजे प्रत्येक प्रकाराचा वेगळा क्लास, एकाच टेबलात प्रकार सांगणारा डिस्क्रिमिनेटर कॉलम ठेवून. दुसरं मत, पीएचपीचा इनम (ठरावीक पर्यायांची यादी) आणि एक साधा कॉलम पुरे. माझा कल इनमकडे आहे, कारण माझ्या सूचीत राशिभविष्य आणि कथा यांच्या वागण्यात काहीच फरक नाही. पण व्यंगचित्रमालिकेला आतल्या प्रत्येक चित्राची ओळ आणि पान क्रमांक ठेवायचाय, तिथे इनम तोकडा पडतो. कोणी जॉइन्ड इनहेरिटन्स (प्रत्येक प्रकाराच्या जादा कॉलमांना वेगळं टेबल) खऱ्या डेटावर चालवलं असेल, तर यादीच्या पानावर त्याचा लॉग कसा दिसतो ते सांगा. माझा स्कीमा खाली जोडतोय.