आडाकडे जायचं नसतं ना?

खानापूर तालुक्यात, नंदगडच्या पलीकडच्या गावात मी आशा कार्यकर्ती आहे. दवाखान्यात बाळंतपण झालं की 3, 7, 14, 21, 28 आणि 42व्या दिवशी घरी जायचं. बाळाचं वजन मी कधी चुकू देत नाही. आधी रिकामी झोळी अडकवून काटा शून्यावर आणते, दुपटं काढते, काटा डोळ्यांसमोर धरूनच आकडा वाचते. भेटीत भरायचा कागद कानडीत. त्यात बाळंतिणीच्या डोक्याविषयी एवढंच, की असंबद्ध बोलते का, झटके येतात का. ही बाळंतीण तर फारशी बोलतच नव्हती. मी ‘नाही’ लिहिलं.

पहिलटकरीण, माहेरी आलेली. 14व्या दिवशी बाळाचं वजन छान वाढलेलं. निघताना तिनं विचारलं, “आक्का, बाळंतिणीनं आडाकडे जायचं नसतं ना?” असल्या समजुतींशी मी वर्षानुवर्षं भांडतेय. म्हटलं, “तसलं काही नसतंय गं. जरा परड्यात फिर, ऊन खा.”

21व्या दिवशी तिची आई कुरकुरत होती. पोरीनं परड्याच्या दाराला कुलूप घातलंय, किल्ली तांदळाच्या डब्यात. बाहेरचं झालंय म्हणून मावशीनं अंगारा बांधलेला. आईला मी पाणी तापवायला पाठवलं. “उदास वाटतंय काय?” “नाही.” हा प्रश्न आमच्याकडे चालत नाही, उदास आहे म्हटलं तर घरच्यांना नावं ठेवल्यासारखं होतं. मग विचारलं, “बाळ निजल्यावर तुझा डोळा लागतो का?”

ती टोपड्याची नाडी बोटाला गुंडाळत राहिली, टोक पांढरं पडेपर्यंत. “डोळा मिटला की बाळ माझ्या हातनं आडात पडतंय बघा. म्हणून कुलूप घातलं.”

अंगणातूनच 14416ला, मनाच्या आजारांसाठीच्या सरकारी हेल्पलाइनला, फोन लावला. आमच्या डॉक्टरांचं म्हणणं, बाळंतपणात सगळ्याच रडतात. पहिल्या आठवड्यातलं रडू ओसरतं. दोन आठवडे उलटून झोपच नाही, हे निराळं. एवढं तर त्यांना माहीत असायला हवं. दुसऱ्या दिवशी तिला बेळगावला मानसोपचाराच्या डॉक्टरांकडे नेलं. त्या कानडीत विचारत, मी मराठीत सांगे. कानात कुणी सांगतं का, बाळ आपलं नाही असं वाटतं का? तसं असतं तर त्याच दिवशी भरती करावं लागलं असतं. तसं नव्हतं. हे नैराश्य, नको ते विचार आपोआप येतात आणि तिला त्यांचीच भीती वाटते, असं त्यांनी समजावलं. सर्ट्रालिन ही नैराश्यावरची गोळी दिली. आईनं तीनदा विचारलं, तीनदा उत्तर मिळालं की अंगावर पाजायचं थांबवायचं नाही.

14व्या दिवसाचं मात्र माझ्या मनातून जात नाही. तिला आडापासून लांब राहायला रूढीचा आधार हवा होता. तोंड उघडून सांगावं न लागता कुणीतरी मोठ्या माणसानं ‘जायचं नसतं’ म्हणावं, एवढंच ती मागत होती. मी तिला ऊन खायला पाठवत होते.

28व्या दिवशी म्हणाली, रात्री सलग तीन तास झोप लागली. बाळाला घ्यायला आईला सांगून झोपली होती. दाराला कुलूप होतंच. ते काढ असं मी म्हटलं नाही. कानडी कागदाच्या कडेला मराठीत लिहून ठेवलं: बाळ निजल्यावर आई निजते का?