गोंधळ सात इंचीवर: संबळ जमला, झांजेशी झटापट चालूय

मंडळी, लातुरातून अपडेट. सध्या लेथवर, म्हणजे तबकडीवर (रेकॉर्डवर) आवाजाची खाच कापायच्या मशीनवर, एकच काम, तुळजापूरकडच्या गोंधळ्यांचं रेकॉर्डिंग सात इंची तबकडीवर ४५ आरपीएमने (मिनिटाला ४५ फेरे) कापायचं. संबळ, तुणतुणं, झांज आन् गळा एवढंच, पण कापायला लई अवघड.

सगळ्यांना वाटतं संबळाचा बास छळणार. तो त्रास सहज सुटतो. रेकॉर्डिंगमधे संबळाचा मोठा भाग डावीकडं आलाय, लहान उजवीकडं, आणि डाव्या-उजव्यात फरक पडला की कापणारी सुई वर-खाली हलते, मग जोराचा ठोका आला की खाच उथळ होते. मायक्रोस्कोपखाली स्पष्ट दिसतं, ठोक्याच्या जागी खाच निमुळती होत होत गायबच. १५० हर्ट्झच्या खालचं सगळं मोनो, म्हणजे डावी-उजवीकडं एकसारखं, केलं तर आता खाच सलग येते, आणि संबळ जागचा हलल्यासारखा वाटत नाही, कारण काठीचा टणका वरच्या फ्रिक्वेन्सीत असतो, तो स्टिरिओच ठेवलाय.

खरी डोकेदुखी झांज. आरआयएए कर्व्हमुळं (कापताना बास कमी आणि वरचा आवाज जास्त करायचं ठरलेलं प्रमाण) कापतानाच १० किलोहर्ट्झला जवळजवळ १४ डीबी वाढ होते, त्यात झांज तिथंच खणखणते, सगळा लोड कटर हेडच्या, म्हणजे कापणारी सुई हलवणाऱ्या भागाच्या, कॉइलवर, त्या तापतात. मोठ्या स्टुडिओत हेलियम सोडून थंड ठेवतात, आपल्याकडं कुठलं हेलियम, म्हणून डी-एसर (टोचणारा वरचा आवाज दाबणारं यंत्र) लावला आणि एकूण लेव्हलच खाली घेतली. आवाज थोडा कमी चालेल, झांज फाटलेली नाही चालणार.

क्रमपण बदलला. सात इंचीच्या बाहेरच्या कडेला खाच सेकंदाला साधारण ४० सेंमी पळते, लेबलजवळ २५ च्या आसपास, म्हणजे तेवढ्याच आवाजाला आत जागा कमी. त्यामुळं देवांना बोलवायचा, झांजेचा दणका असलेला भाग पहिल्यांदा, म्हणजे बाहेरच्या कडेला, आणि तुणतुण्यावरची कथा शेवटाला. गोंधळात तसंही आवाहन आधीच असतं.

इथल्या कोरड्या उन्हात पीव्हीसीच्या (प्लास्टिकच्या) तबकडीवर स्टॅटिक वीज जाम चढते, कापून निघणारा बारीक दोरा व्हॅक्यूममधे न जाता सुईलाच गुंडाळतो. पहाटे कापायला घेतलं, खोलीत ओली चादर टांगली, बराच फरक पडला.

बी साइड बाकी आहे. सुई गरम करायच्या तारेला पीव्हीसीसाठी किती करंट देता, आणि उन्हाळ्यात कमी करता का? ज्यांनी केलंय त्यांनी सांगा राव.