स्वतः आखलेला परदेश प्रवास: सांधे कुठे निखळतात

टूर कंपनीशिवाय परदेशी फिरायला निघणारे लोक ठिकाणं निवडण्यात महिने घालवतात. काय पाहायचं, कुठे राहायचं याच्या याद्या संपत नाहीत. प्रवास फिसकटतो तो मात्र बहुधा सांध्यावर: एक विमान सोडून दुसरं पकडताना, एका देशाची हद्द ओलांडताना, मध्यरात्री तारीख बदलताना. टूरवाले ज्या कामाचे पैसे घेतात त्यातलं बरंचसं काम हे सांधे जुळवण्याचंच असतं. ते आपण अंगावर घेत असू, तर नीट शिकून घ्यायला हवं.

सगळ्यांत महागात पडतो तो दोन वेगळ्या तिकिटांवरचा विमानबदल. सगळा प्रवास एकाच बुकिंगवर, म्हणजे एकाच पीएनआरवर असेल, तर पहिलं विमान रखडल्यावरही तुम्हाला शेवटच्या मुक्कामी पोचवणं ही विमान कंपनीची जबाबदारी असते. तिकिटं वेगळी काढली की दुसऱ्या कंपनीच्या लेखी तुम्ही फक्त न आलेले प्रवासी. त्या बुकिंगवर पुढचे टप्पे किंवा परतीचं तिकीट असेल तर तेही बहुधा रद्द होतं, कारण आधीचा टप्पा न वापरता पुढचा वापरू देत नाहीत. स्वस्त तिकिटं शोधून देणारी संकेतस्थळं अशी जोडतिकिटं सर्रास दाखवतात. ‘सेल्फ-ट्रान्सफर’ हे शब्द बारीक अक्षरांत कुठेतरी असतात. पैसे भरण्याआधी ते शोधा.

अशा बदलात नेमकं काय करावं लागतं ते ओळीने डोळ्यांसमोर आणा. विमानातून उतरायचं, इमिग्रेशनच्या रांगेत लागायचं, पट्ट्यावरून बॅग घ्यायची, कस्टम्समधून बाहेर पडायचं, गरज पडल्यास दुसऱ्या टर्मिनलला जायचं, पुन्हा चेक-इन करून बॅग द्यायची, सुरक्षा तपासणी, पुन्हा इमिग्रेशन. आंतरराष्ट्रीय उड्डाणाचा बॅग जमा करण्याचा काउंटर साधारण १ तास आधी बंद होतो. त्यामुळे तीन तासांचं अंतर दिसलं तरी हातात दोनच तास असतात. दिवसा, एकाच विमानतळावर असा बदल असेल तर मी चार तासांपेक्षा कमी वेळ ठेवण्याच्या विरोधात आहे. पुढचं विमान त्या दिवसातलं शेवटचं असेल तर चार तासही थोडे. तिथेच एक रात्र काढलेली बरी. विमानतळ एकच आहे ना, हेही बघा. टोकियोला हानेदा आणि नारिता, लंडनला हीथ्रो आणि गॅटविक, पॅरिसला शार्ल द गोल आणि ओर्ली. इस्तंबूलचे दोन विमानतळ तर दोन वेगळ्या खंडांत आहेत: एक युरोपच्या बाजूला, दुसरा, सबिहा ग्योकचेन, आशियाच्या.

या बदलातली खरी अडचण वेळेची नाही, व्हिसाची आहे. बॅग घेण्यासाठी तुम्ही त्या देशात प्रवेश करता. मधल्या देशाचा व्हिसा लागत असेल आणि तो नसेल, तर पहिल्याच विमानतळावर चेक-इनला अडवतात. फक्त हातातली बॅग असेल आणि पुढचा बोर्डिंग पास आधीच मोबाइलवर असेल, तर आतल्या आत बदल करता येतो. पण कागदपत्रं तपासल्याशिवाय ऑनलाइन बोर्डिंग पास देत नाहीत अशा कंपन्या बऱ्याच आहेत, तेव्हा त्यावर विसंबू नका. अमेरिकेत तर आंतरराष्ट्रीय प्रवाशांसाठी आतल्या आत विमान बदलण्याची सोयच नाही. एकाच तिकिटावर, दोन तास थांबून तिसऱ्या देशात जायचं असलं तरी इमिग्रेशनमधून जावं लागतं, म्हणजे त्यासाठी लागणारा व्हिसा किंवा परवानगी हवीच. साधारणपणे बॅगही पहिल्याच अमेरिकी विमानतळावर उचलून पुन्हा द्यावी लागते.

नुकसानभरपाईचंही गणित याच सांध्यावर ठरतं. युरोपियन युनियनच्या २००४ सालच्या २६१ क्रमांकाच्या नियमानुसार, कंपनीच्या चुकीने तीन तास किंवा जास्त उशीर झाल्यास अंतराप्रमाणे २५०, ४०० किंवा ६०० युरो मागता येतात. एकाच बुकिंगवर हा उशीर शेवटच्या मुक्कामी मोजतात: पहिलं विमान ४० मिनिटंच उशिरा आलं, पण त्यामुळे पुढचं चुकून तुम्ही सहा तास उशिरा पोचलात, तर सहा तास धरले जातात. तिकिटं वेगळी असतील तर पहिल्या कंपनीच्या खाती फक्त ती ४० मिनिटं.

चेक-इनवरचा माणूस व्हिसा का तपासतो, असा प्रश्न अनेकांना पडतो. योग्य कागदांशिवाय प्रवासी नेला तर बऱ्याच देशांत विमान कंपनीला दंड होतो आणि त्याला परत आणण्याची जबाबदारीही तिच्यावर येते. म्हणून काउंटरवर ‘टिमॅटिक’ नावाची नियमांची माहितीसाठवण उघडतात आणि ती जे सांगेल त्यावर निर्णय घेतात. तुम्ही कुठे काय वाचलं याला तिथे किंमत नसते. परतीचं किंवा पुढचं तिकीट, मुक्कामाचा पत्ता आणि व्हिसा हे सगळं कागदावर छापून ठेवा. मोबाइलची बॅटरी संपते आणि विमानतळाचं वाय-फाय ओटीपी मागतं. पासपोर्टच्या मुदतीचा नियमही देशागणिक वेगळा. अनेक देश सहा महिने शिल्लक मागतात. शेंगेनचा, म्हणजे आपसात सीमातपासणी न ठेवणाऱ्या युरोपीय देशांच्या गटाचा, नियम दुहेरी आहे: तिथून निघण्याच्या तारखेनंतर निदान तीन महिने मुदत हवी, आणि पासपोर्ट गेल्या १० वर्षांत दिलेला हवा. मुदत शिल्लक असूनही दुसरी अट मोडल्यामुळे लोक अडकतात.

आता दिवस मोजण्याकडे येऊ, कारण इथे हुशार माणसंही चुकतात. व्हिसावर दोन वेगळ्या गोष्टी असतात: व्हिसाची मुदत आणि राहता येणारे दिवस. मुदत ९० दिवसांची आणि मुक्काम १५ दिवसांचा असू शकतो. शेंगेनमध्ये कोणत्याही १८० दिवसांत ९० दिवस राहता येतं, पण ही १८० दिवसांची खिडकी स्थिर नाही. तुम्ही तिथे असलेल्या प्रत्येक दिवशी मागे १८० दिवस मोजायचे आणि त्यात किती राहिलात ते पाहायचं. येण्याचा आणि जाण्याचा, दोन्ही दिवस मोजतात. समजा, लीप नसलेल्या वर्षात १ ते ३० जानेवारी राहिलात: ३० दिवस. पुन्हा १ एप्रिलला आलात तर ६० दिवस उरतात आणि ते ३० मे रोजी संपतात. ३१ मेला थांबलात तर मुदत मोडली. बाहेर जाऊन दुसऱ्या दिवशी परत आलं की गणती शून्यावर येते, हा समज साफ चुकीचा आहे. ३० जूनला खिडकी मागे २ जानेवारीपर्यंतच पोचते, १ जानेवारी गळून पडतो आणि एक दिवस मोकळा होतो. पुढे रोज एकेक सुटत जातो. १२ ऑक्टोबर २०२५ पासून टप्प्याटप्प्याने सुरू झालेली युरोपची नवी नोंदणी यंत्रणा, ईईएस, हे दिवस आपोआप मोजते. पुसट शिक्क्यावरून वाद घालायला आता जागा उरत नाही.

एकदाच प्रवेश देणारा व्हिसा असेल तर नकाशा घेऊन प्रत्येक रस्ता तपासा. क्रोएशिया १ जानेवारी २०२३ पासून शेंगेनमध्ये आहे. स्प्लिटहून दुब्रोव्हनिकला किनाऱ्याने जाणारा जुना रस्ता नेउमपाशी काही किलोमीटर बोस्नियातून जातो. दोन्ही शहरं क्रोएशियातली, तरी त्या वाटेने गेलं की तुम्ही शेंगेनबाहेर पडता आणि एकदाच्या प्रवेशाचा व्हिसा तिथे संपतो. २०२२ च्या जुलैमध्ये पेल्येशॅत्स पूल सुरू झाल्यापासून पूर्ण क्रोएशियातून जाता येतं, म्हणून बस त्या पुलावरून जाते का हे तिकीट काढण्याआधी विचारा. व्हिक्टोरिया धबधबा झिंबाब्वे आणि झांबिया अशा दोन्ही बाजूंनी पाहायचा असेल तर साधा एकदाचा व्हिसा पुरत नाही. पात्र पासपोर्ट असलेल्यांसाठी दोन्ही देशांत चालणारा काझा युनिव्हिसा आहे; काझुंगुलामार्गे बोत्स्वानात दिवसभर जाऊन त्याच दिवशी परतलं तरी तो चालू राहतो.

जमिनीवरच्या सीमेचं वळण वेगळंच. विमानतळावर इमिग्रेशन टाळून बाहेर पडता येत नाही. रस्त्यावर मात्र चुकून टाळलं जातं. दोन्ही देशांच्या चौक्या कधी शंभर मीटरवर, कधी काही किलोमीटर दूर असतात, आणि बस किंवा टॅक्सीवाला दुसरी चौकी मागे टाकून सरळ गावात नेऊन सोडतो. आत येताना शिक्का नसेल तर त्याचा हिशेब निघताना होतो, दंडासकट. म्हणून क्रम पक्का ठेवा: आधी पहिल्या देशाचा निर्गमनाचा शिक्का, मग दुसऱ्याचा प्रवेशाचा. खिडकीसमोरून हलण्याआधी शिक्क्यावरची तारीख आणि मंजूर दिवस वाचा. महिना चुकलेला असेल तर तिथल्या तिथे दुरुस्ती होते. तीन आठवड्यांनी दुसऱ्या टोकाला होत नाही. काही सीमा संध्याकाळी बंद होतात, तेव्हा सकाळची बस धरा. ई-व्हिसा सगळ्या नाक्यांवर चालत नाही. व्हिएतनामच्या ई-व्हिसासाठी प्रवेशाच्या ठिकाणांची ठरलेली यादी आहे आणि अर्जात त्यातलं ठिकाण निवडावं लागतं. लहानशा डोंगरी नाक्यावर तो दाखवून उपयोग नाही.

पिवळ्या तापाच्या लशीचं प्रमाणपत्र हा असाच विसरला जाणारा कागद. लस घेतल्यावर १० दिवसांनी ते लागू होतं, म्हणून आदल्या आठवड्यात धावपळ करून भागत नाही. ११ जुलै २०१६ पासून ते आयुष्यभर चालतं, जुन्या प्रमाणपत्रावर १० वर्षं लिहिलेली असली तरी. आणखी एक बारकावा: जोखमीच्या देशात राहिला नसलात, पण तिथल्या विमानतळावर १२ तासांहून जास्त थांबलात, तरी पुढचा देश ते मागू शकतो. लांबलचक थांब्याचं स्वस्त तिकीट घेताना हे लक्षात असू द्या.

तारखांच्या चुका साध्या दिसतात, पण भरून निघत नाहीत. १५ तारखेला ००:१० चं विमान म्हणजे १४ च्या रात्री विमानतळावर जायचं. पहाटे दोनला पोचणार असाल तर खोली आदल्या तारखेपासून आरक्षित करा आणि उशिरा येणार असं कळवा. नाहीतर दुपारपर्यंत लॉबीत बसावं लागेल. युरोपात उन्हाळी वेळ मार्चच्या शेवटच्या रविवारी सुरू होते, अमेरिकेत मार्चच्या दुसऱ्या रविवारी, म्हणून मधल्या आठवड्यांत दोन्हींतला फरक नेहमीपेक्षा एक तासाने वेगळा असतो. पॅसिफिकमध्ये तर सामोआने ३० डिसेंबर २०११ हा दिवसच वगळला आणि तो वाररेषेच्या पलीकडे गेला. शेजारच्या अमेरिकन सामोआत आजही घड्याळ तेच दाखवतं, तारीख एक दिवस मागची असते.

पैशांबद्दल थोडक्यात. दोन वेगळ्या नेटवर्कची दोन कार्डं दोन वेगळ्या बॅगांत ठेवा. एटीएम किंवा दुकानातलं यंत्र ‘तुमच्या देशाच्या चलनात रक्कम घेऊ का’ असं विचारतं तेव्हा नाही म्हणा आणि स्थानिक चलन निवडा. रूपांतराचा दर त्यांनी ठरवला की तो जवळजवळ नेहमीच वाईट असतो. गाडी भाड्याने घेताना कार्डावर मोठी रक्कम अडकवून ठेवतात. डेबिट कार्ड असेल तर ते तुमचेच खर्चाचे पैसे असतात आणि सुटायला कित्येक दिवस लागू शकतात. बँकेचा ओटीपी घरच्या नंबरवर येतो, तेव्हा ते सिम मोबाइलमधून काढू नका. डेटासाठी ई-सिम घ्या आणि जुन्या सिमवर एसएमएस रोमिंग चालू आहे का ते निघण्यापूर्वी तपासा.

बॅग आली नाही तर विमानतळ सोडण्याआधी तक्रार नोंदवून त्या तक्रारीचा क्रमांक, म्हणजे पीआयआर क्रमांक, घ्या. विमान कंपन्यांच्या भरपाईबद्दलच्या आंतरराष्ट्रीय माँट्रियल करारानुसार बॅगेचं नुकसान झालं असेल तर ७ दिवसांत, बॅग उशिरा मिळाली तर मिळाल्यापासून २१ दिवसांत लेखी दावा करावा लागतो. भरपाईची कमाल मर्यादा २८ डिसेंबर २०२४ पासून १,५१९ एसडीआर (आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचं हिशेबाचं एकक) आहे. पॉवर बँक चेक-इन बॅगेत चालत नाही, ती हातातच. मर्यादा १०० वॉट-तास: एमएएच गुणिले ३.७, भागिले १,०००. म्हणजे २०,००० एमएएचची ७४ भरते आणि जाते. ३०,००० ची १११ भरते, तिला कंपनीची परवानगी लागते. तिच्यावरची क्षमतेची छपाई पुसली गेली असेल तर तपासणीत ती काढून घेऊ शकतात.

शेवटचा सांधा शरीराचा. पेरूमध्ये समुद्रकाठच्या लिमाहून दीड तासाच्या आत विमान कुस्कोला, सुमारे ३,४०० मीटरवर उतरवतं. बोलिव्हियातल्या ला पाझच्या एल आल्तो विमानतळाची उंची ४,००० मीटरच्या वर आहे. ३,००० मीटरनंतर झोपण्याची उंची रोज ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवू नये आणि तीन-चार दिवसांनी एक दिवस थांबावं, हा गिर्यारोहकांचा नियम विमानाने एका उडीत मोडला जातो. कुस्कोत उतरलात तर त्याच दिवशी खाली ओयान्ताइताम्बोला, साधारण २,८०० मीटरवर जा, तिथून माचू पिचू करा आणि कुस्को शेवटी ठेवा. उंचीच्या त्रासावरचं असेटाझोलामाइड हे औषध घ्यायचं तर प्रतिबंधासाठी बहुधा १२५ मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, चढण्याच्या आदल्या दिवसापासून देतात. सल्फाची ॲलर्जी असेल तर डॉक्टरांना आधी सांगा. डोकेदुखी आणि मळमळ असेपर्यंत आणखी वर जाऊ नका. तोल जाऊ लागला, बोलण्यात गोंधळ दिसला किंवा बसल्या जागी धाप लागली तर सकाळची वाट न पाहता खाली उतरा, आणि त्या माणसाला एकट्याने पाठवू नका.