तुम्ही विचारलंत म्हणून: घोड्यावर बसायला रेनकोट कुठला?

जून लागला की विचारणा सुरू. ताई, पावसात घोड्यावर बसायचं तर रेनकोट कुठला घेऊ, ब्रँड सांगा, लिंक टाका, बाईकचा आहे घरात तो चालेल का. मी दर वर्षी सांगते, समोरचा सगळं ऐकून घेतो आणि शेवटी परत "पण त्यातल्या त्यात कुठला?" म्हणून आता एकदाच लिहून ठेवते.

बाईकचा नाही चालत. तो कमरेशी संपतो, त्यावरून ओघळणारं पाणी खोगिरावर उतरून बुडाखाली जातं, आणि पँटची मधली शिवण आपल्या वजनाखाली दबून दबून गळायला लागते. घोड्यावरचा कोट गुडघ्याखाली यायला हवा, मागे बसायच्या जागेपर्यंत चीर हवी आणि चिरेत कळी, म्हणजे जोडलेला तिकोनी तुकडा, हवी, की तो खोगिराच्या दोन्ही अंगांनी नीट पडतो आणि मधे फट राहत नाही. चेन खालूनही उघडणारी बघा, शिवणी आतून टेप लावलेल्या बघा. लेबलवर ५००० मिमी, १०००० मिमी लिहिलेलं असतं ते पावसाचं माप नाही हो, कापडावर पाण्याचा केवढा उंच स्तंभ उभा केला तर ते गळतं त्याचं आहे, आणि ज्यावर आपण बसणार तिथे १०००० च्या खालचं मला तरी कधी पुरलं नाही.

पण हे झालं तुमच्या कोरडं राहण्याचं. तो कोट घोड्याला चालतो का, हे कुणीच विचारत नाही, आणि माझा जीव त्याच्यासाठी तुटतो.

साताऱ्याजवळच्या यवतेश्वरच्या घाटात माझी भाची पडली हे तुमच्यातल्या बऱ्याच जणांनी ऐकलंय, घोडी बुजरी होती म्हणून पडली असंही ऐकलं असेल. तसं झालं नाही. आम्ही पाच-सहा जण कासच्या बाजूला जाऊन परत येत होतो, राईड दुसऱ्यांनी ठरवलेली, ज्यांच्याकडे कोट नव्हते त्यांना त्यांनी ते पातळ पारदर्शक पॉंचो वाटले, वरून घालायचे, बाजूंनी उघडे. जाताना वारं समोरून होतं, पश्चिमेचं, त्यामुळे पॉंचो अंगाला चिकटून होता आणि कुणाला काही वाटलं नाही. उतरताना तेच वारं पाठीमागून. मी तिच्या मागेच होते. मागचा भाग फुगला, वर गेला, खाली येताना घोडीच्या पुठ्ठ्यावर, मागच्या अंगावर, फट्‌कन बसला. घोडीचे कान मागे गेले, शेपूट दाबली गेली, ती जागच्या जागी जरा खाली बसल्यासारखी झाली. "लगाम धर, वळव तिला" मी ओरडले पण तोवर दुसरा झोत आला आणि पॉंचो पोरीच्या डोक्यावरून तोंडावर. तिला काही दिसेना आणि घोडीला सगळं दिसत होतं, घोड्याचे डोळे बाजूला असतात, मान न वळवता त्याला जवळजवळ मागपर्यंतचं कळतं, आणि तिथे काहीतरी पांढरं फडफडतंय, उठतंय, अंगावर येतंय. उधळली. ओल्या डांबरावर नाल सरकले ते मी पाहिलं. पोर गटाराच्या कडेला पडली, कॉलरबोन मोडलं, हेल्मेट होतं म्हणून पुढचं टळलं. घोडी पुढच्या वळणावर आपणहून थांबली होती, थरथरत, आणि तरीही तिथल्या तिथे निकाल लागला, घोडी बुजरी. त्यानंतर तिच्यावर कुणी पोरांना बसवलं नाही.

मला अजून राग येतो. पॉंचोला कुणी काही बोललं नाही.

पूर्वी मी स्वतः सांगायचे, कोटबिट काही नको, भिजा, नाहीतर घोंगडी घ्या, आपले धनगर काय रेनकोट घालतात? आता त्या जुन्या मला मीच सांगते, बाई, धनगराची घोडी बिऱ्हाड वाहते, तो घोंगडी घेऊन शेजारून चालतो, आणि भिजलेली घोंगडी खांद्यावर घेऊन चालणं वेगळं, घाटात घोडा दुडक्या चालीने नेणं वेगळं. पण ती जुनी मी अगदीच चूक नव्हती. सातारा शहरात तासभराची राईड असेल तर भिजलेलं बरं, आवाज न करणारं सुती जाकीट पुरतं. महाबळेश्वरकडे, जिथे वर्षाला ५००० मिमीच्या वर पडतो आणि धुक्यात वारं हाडात शिरतं, तिथे बोटं गारठली की लगाम हातात असून नसल्यासारखा.

तर कोट घ्या तो मऊ कापडाचा, चुरचुर न वाजणारा. मनगटाला व्हेल्क्रो असेल तर तो चर्रकन आवाज आधी तबेल्यात करून दाखवा. कोट घोडीला हुंगू द्या, मानेवर घासा, पुठ्ठ्यावर टाका, ओला करून टाका, मग बसा. हूड हेल्मेटवरून ओढू नका, बाजूचं दिसत नाही. रंग भडक घ्या, धुक्यात मागच्या गाडीवाल्याला दिसायला हवं. रेडीमेड इथे सहज मिळत नाही, मी लांब कोट टेलरकडून चिरून कळी लावून घेतला आणि सुईच्या भोकांवर आतून सीम टेप मारली.

एक मात्र मला अजून ठरवता येत नाही. कोट उडू नये म्हणून आतून मांडीला पट्टे असतात. त्या दिवशी पट्टे असते तर पॉंचो उडालाच नसता. पण पडताना पट्टा खोगिरात अडकला तर माणूस फरफटत जाणार. माझ्या कोटाला मी प्रेसबटणाचे पट्टे लावलेत, जोरात ओढलं की सुटतात. पण वाऱ्याचा जोर जास्त झाला की तेही सुटतात, हे मला दोनदा दिसलंय.