वकिलाच्या चुकीची कॉस्ट वकिलाच्याच खिशातून, माझा अनुभव

बांधावरून आबांनी 2019 ला तालुक्याच्या कोर्टात दावा टाकला होता. मी पुण्यात, आबा गावाला, त्यामुळे सगळी भिस्त वकीलसाहेबांवर. फोन केला की एकच उत्तर, "तारीख पडलीय, तुम्ही यायची गरज नाही." एकदा सहज ई-कोर्ट्सच्या, म्हणजे केसची माहिती दाखवणाऱ्या कोर्टाच्या ॲपवर केस नंबर टाकून बघितलं तर दावा सहा महिन्यांपूर्वीच डिफॉल्टमध्ये निकाली निघालेला! वादी गैरहजर, वादीचे वकील गैरहजर. आबांना सांगायची हिंमतच होईना.

असा दावा परत मूळ नंबरवर घ्यायचा, म्हणजे पुन्हा चालू करायचा अर्ज 30 दिवसांत द्यावा लागतो, ते तर कधीच उलटून गेलेले, म्हणजे सोबत विलंब माफीचा अर्ज पण आला आणि उशीर का झाला ते कारण पटवून देणं आलं. त्यात तालुक्यात दुसरा वकील मिळता मिळेना, सगळे वकिलांच्या एकाच बाररूममध्ये चहा पिणारे, कोण कशाला वाईटपणा घेतोय. शेवटी जिल्ह्याच्या ठिकाणच्या एक वकील मॅडम तयार झाल्या.

कोणी म्हणालं ग्राहक कोर्टात खेचा. मॅडमनी तिथेच थांबवलं, 14 मे 2024 ला सुप्रीम कोर्टाने सांगितलंय की वकिलाची सेवा ग्राहक कायद्यात बसत नाही. बार काउन्सिलकडे, म्हणजे वकिलांच्या संस्थेकडे तक्रार करता येते पण तिथे शिक्षा म्हणजे समज देणं, सनद काही काळ बंद किंवा कायमची रद्द, आपला दावा त्याने जिवंत होत नाही. मग त्यांनी 1981 चा रफीक विरुद्ध मुन्शीलाल हा निकाल काढून दाखवला. त्यात अलाहाबाद हायकोर्टात वकील हजर नव्हता म्हणून अपील फेटाळलं गेलेलं, सुप्रीम कोर्ट म्हणालं वकील लावला, फी दिली, आता पक्षकाराने अजून काय करायचं, आणि समोरच्याच्या खर्चाचे 200 रुपये गैरहजर वकिलाकडूनच वसूल करायला लावले. 2000 सालच्या रॅमन सर्व्हिसेसच्या निकालात तर वकील संपामुळे आले नव्हते, तिथे 5000 च्या कॉस्टपैकी (कॉस्ट म्हणजे समोरच्याला द्यायला लावलेला खर्च) अर्धे वकिलांच्या फर्मकडून घ्यायची परवानगी पक्षकाराला दिली. (मला वाटायचं वकिलांनी कामबंद केलं की आपण फक्त तारीख घेऊन घरी यायचं!)

पण निकाल दाखवून भागत नाही, आपण झोपलो नव्हतो हे दाखवावं लागतं. माझं नशीब की व्हॉट्सॲप जपून ठेवलेलं. "साहेब तारीख कधी?" असे माझे अकरा मेसेज, त्यांचं "बघून सांगतो", आणि फीचे जीपेचे स्क्रीनशॉट. रोजनाम्याची, म्हणजे प्रत्येक तारखेला काय झालं त्या कोर्टाच्या नोंदीची नक्कल काढली तर सलग तीन तारखांना आधीचे वकील गैरहजर. हे सगळं लावून मॅडमनी त्यांना नोटीस पाठवली, तुमचं म्हणणं मांडा नाहीतर कॉस्ट तुमच्यावर बसवायची विनंती आम्ही कोर्टाला करणार, कारण वकिलाचं ऐकून न घेता त्याच्यावर कॉस्ट टाकत नाहीत.

मला वाटलं आता भांडण होणार. झालं उलटंच, ते स्वतः आले आणि ॲफिडेव्हिट दिलं की डायरीत तारीख चुकीची लिहिली गेली, पक्षकाराची चूक नाही. तीन तारखा चुकीच्या कशा लिहिल्या जातात हे मी विचारणार होतो, मॅडमनी डोळ्यानेच गप्प केलं, कारण तो कागद आमच्याच कामाचा होता. प्रतिवादीने 'से' मध्ये, म्हणजे लेखी म्हणण्यात, भरपूर आरडाओरडा केला तरी अर्ज मंजूर झाला, 3000 रुपये कॉस्ट, अर्धी आम्ही भरायची अर्धी आधीच्या वकिलांनी.

आता हिशोब बघा, त्यांना आधी दिलेली 20 हजार फी गेली ती गेलीच, मॅडमची फी 15 हजार, आणि आधीच्या वकिलांकडून निघाले 1500. तेही शेवटच्या दिवशी, क्लार्कच्या हातून पाकिटात. आबांनी मात्र त्या ऑर्डरची नक्कल देव्हाऱ्यात सातबाऱ्याखाली ठेवलीय. पुढची तारीख सोमवारी आहे, मी जातोय.