वाकड्या बोटांचा हॉल ऑफ फेम

शिकागोत एखाद्या साठीतल्या माणसाशी हात मिळवला आणि त्याची करंगळी भलत्याच दिशेला गेलेली दिसली तर अपघात कधी झाला असं विचारायचं नाही, कुठल्या टीमकडून खेळायचात असं विचारायचं. मग पुढचा अर्धा तास तुमचा गेला म्हणून समजा. आमच्या ऑफिसमध्ये असा एकजण होता, चार बोटं वेगवेगळ्या वेळी मोडलेली, आणि प्रत्येक बोटाची मॅच त्याला पाठ. या शहरात सॉफ्टबॉल म्हणजे 16 इंची सॉफ्टबॉल, तोही ग्लोव्हज न घालता. 16 इंच हा बॉलचा घेर, बाकी जगात सॉफ्टबॉल 12 इंचांचा असतो आणि आपला क्रिकेटचा बॉल 9 इंचांचा, यावरून अंदाज घ्या. नाव सॉफ्ट पण नवा असताना चांगला कडक असतो, मार खाऊन खाऊन मऊ पडत जातो, त्यामुळे सुरुवातीच्या इनिंगमध्ये जो लाइन ड्राइव्ह, म्हणजे जमिनीला समांतर सुसाट आलेला फटका, उघड्या हातांनी धरतो त्याची बोटं अशी होतात.

हा खेळ जन्मलाच शिकागोत. 1887 सालचा थँक्सगिव्हिंगचा दिवस, फॅरागट बोट क्लबात मंडळी येल-हार्वर्डच्या फुटबॉल मॅचचा निकाल तारेनं यायची वाट बघत बसलेली, निकाल आला, येल जिंकलं, आणि त्या जोशात एकानं पडलेला बॉक्सिंगचा ग्लोव्ह दुसऱ्याकडे भिरकावला, दुसऱ्यानं तो काठीनं टोलवला. जॉर्ज हॅनकॉक नावाच्या गृहस्थांनी तो ग्लोव्ह दोरीनं आवळून बॉलसारखा केला, खडूनं जमिनीवर मैदान आखलं आणि झाली सुरुवात. म्हणजे मुळात हा थंडीत आत छपराखाली खेळायचा खेळ! पण तो वाढला 1930 च्या मंदीत. लोकांना काम नाही, हातात वेळच वेळ, ग्लोव्हजना पैसे कुठले, आणि एवढा मोठा बॉल फार लांब जात नाही म्हणून शाळेचं छोटंसं मैदानही पुरायचं. एक बॅट, एक बॉल, बस. विंडी सिटी लीगच्या मॅचेसना तेव्हा हजारोंनी लोक यायचे.

तर या लोकांसाठी 1996 मध्ये शिकागो 16 इंच सॉफ्टबॉल हॉल ऑफ फेम सुरू झाला, म्हणजे गाजलेल्यांची नावं निवडून कायमची जपायची जागा. आता शिकागोला लागून असलेल्या फॉरेस्ट पार्क या उपनगरात त्यांचं म्युझियमही आहे. मला आधी जरा हसूच आलं होतं, म्हणजे हे लोक दिवसा ट्रक चालवणार, शाळेत शिकवणार, फायर ब्रिगेडमध्ये असणार, संध्याकाळी सहा वाजता पार्कात येऊन खेळणार, मॅच संपली की बारमध्ये, आणि यांचा हॉल ऑफ फेम? पण विचार केला की पटतं. प्रोफेशनल खेळाडूचा हिशोब कुणीतरी ठेवतोच, त्याचा रन न रन कुठेतरी लिहिलेला असतो. पार्कातल्या खेळाडूचं काय? स्कोअरशीट टीमच्या मॅनेजरच्या डिकीत, आणि खरं रेकॉर्ड म्हणजे समोरच्या टीममधल्या लोकांच्या आठवणी. ते लोक आहेत तोवरच हे करून घ्यायला हवं ना. आणि इथे नुसते फटकेबाज नाहीत, अंपायर आहेत, टीम चालवणारे आहेत, या खेळाबद्दल लिहिणारेही आहेत. एडी झोल्नाचं नाव जुन्या लोकांसमोर काढून बघा, बॉबकॅट्स टीमचा पिचर, म्हणजे बॉल टाकणारा, आणि मॅनेजर, लोक अजून त्याच्या पिचिंगची नक्कल करून दाखवतात.

माझा आवडता मात्र माइक रॉयको. शिकागोचा नामांकित कॉलमनिस्ट, स्वतः खेळायचा. 1977 मध्ये शहरातली मैदानं सांभाळणाऱ्या पार्क डिस्ट्रिक्टनं ग्लोव्हज घालायला परवानगी दिली तर हा पठ्ठ्या सरळ कोर्टात गेला, केस केली आणि जिंकला पण! मला तरी वाटतं हॉल ऑफ फेममध्ये बसायला एवढं एक काम पुरेसं होतं.

हे सगळं बघताना मला आपले मुंबईचे डावखुरे स्पिनर पद्माकर शिवलकर आठवतात. फर्स्ट क्लासमध्ये 589 विकेट्स, टेस्ट एकही नाही, कारण त्याच जागेवर तेव्हा बिशनसिंग बेदी होते. बीसीसीआयनं जीवनगौरव दिला तो 2017 मध्ये, म्हणजे सत्तरी कधीच उलटून गेल्यावर. आणि शिवलकर निदान रणजी तरी खेळलेले, त्यांच्या विकेट्स मोजलेल्या आहेत. मुंबईच्या क्लबांची कांगा लीग 1948 पासून चालू आहे, भर पावसात, गुडघाभर गवतात, तिथे खालच्या डिव्हिजनमध्ये वीस-पंचवीस वर्षं बँकेतली नोकरी सांभाळून बॉलिंग टाकलेली किती माणसं असतील. क्लबच्या वार्षिक समारंभात शाल, श्रीफळ, दोन शब्द, पुढच्या वर्षी दुसऱ्या कुणाला तरी. शालीबद्दल तक्रार नाही हो, पण त्या माणसाचं नाव कायमचं बघायला मिळेल अशी एक भिंत मुंबईत कुठेतरी हवी, आणि ती निवड पुढाऱ्यांनी नाही तर त्याच्या बॉलिंगवर आउट झालेल्यांनी करावी. कबड्डीचंही तेच. लालबाग-परळच्या गिरणी कामगारांच्या टीम्सबद्दल आता सांगणारे किती उरलेत?

शिकागोच्या हॉल ऑफ फेमवरून वाद होत नाहीत असं अजिबात नाही. हा कसा आत गेला, तो कसा राहिला, आमच्या साउथ साइडवर अन्याय, हे दरवर्षी ऐकायला मिळतं, आणि मला तर ते ऐकायला फार मजा येते, कारण पन्नास वर्षांपूर्वीच्या एका कॅचवरून सत्तरीतली दोन माणसं तावातावानं भांडतात तेव्हाच कळतं की ही भानगड खरी आहे.

कुणी उन्हाळ्यात शिकागोला येणार असाल तर जुलैमध्ये फॉरेस्ट पार्कला नो ग्लोव्हज नॅशनल्स ही 16 इंचीची टूर्नामेंट असते. शिकागोच्या ब्लू लाइन ट्रेनचं शेवटचं स्टेशन. बिअर, हॉटडॉग, लॉनवर खुर्च्या टाकून बसलेली जुनी मंडळी. नवीन माणूस दिसला की हौसेनं बॉल हातात देतात, घ्या, दाबून बघा, फक्त कुणी कॅच घेऊन दाखव म्हणालं तर अंगठी आधी काढून ठेवा.